इफिससची सवाष्ण

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होते. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

शुक्रवार, २८ जुलै २००६. सिंगापूर. क्लेमेंटीमधला एक सरकारी ब्लॉक, सातवा मजला. वेळ… दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

हो, दुपारीच. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल रात्र जागवावी. मला रात्री छान झोप लागते. मला भीती वाटते ती लख्ख ऊन पडलेलं असतं आणि जेवणाची वेळ झालेली असते, तेव्हाची.

माझं नाव साधना. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत टेस्टिंगचं काम बघायची आणि राहायची मोठ्या भावाकडे. चंद्रशेखर, म्हणजे माझा दादा, बँकेत होता. सुलेखावहिनी घरी असायची. आणि अनुया. चार वर्षांची, आमची अनू.

अनूच्या आधी वहिनीची तीन मुलं पोटातच गेली होती. चौथी ही टिकली. म्हणून वहिनी दर श्रावणात जिवतीचे शुक्रवार अगदी कडक करायची. लेकीला उदंड आयुष्य मिळावं म्हणून पूजा, पुरणाचा स्वयंपाक आणि जेवायला सवाष्ण. सवाष्ण पाहिजेच. तिने पोटभर जेवायचं, मग तिची ओटी भरायची, आणि तिने मुलीला मांडीवर घेऊन आशीर्वाद द्यायचा.

आता सिंगापुरात शुक्रवारी दुपारी सवाष्ण शोधणं काय असतं, ते इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. सगळ्या नोकरीवर. वहिनी आषाढ लागला की फोन फिरवायला बसायची.

मी त्याच घरात असायचे. शेजारच्या खोलीत.

मला ती कधीच विचारायची नाही. माझा घटस्फोट झाला होता. अनूचे लंगोट मी बदलले. तिच्या तापात मी जागले. पहिलं पाऊल तिने टाकलं तेही माझ्याकडे यायला. पण शुक्रवारच्या पाटावर मी चालत नव्हते.

वहिनी वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ती घाबरलेली होती. पण तिच्या भीतीचे काटे मला टोचायचे, आणि मी काही संत नाही.

*

त्या वर्षी जूनच्या शाळेच्या सुट्टीत दादाने तुर्कस्तानची टूर काढली. दादाला जुन्या दगडांचं भारी वेड. इफिससबद्दल तर तो महिनाभर आधीपासून आमचं डोकं खात होता. ग्रीकांचं बंदर, मग रोमनांचं बंदर, अख्ख्या आशियाचा माल तिथून जायचा, वगैरे वगैरे.

आणि खरं सांगायचं तर, गाव बघण्यासारखं आहे. मला नावं ठेवायची फार हौस, पण तिथे जीभ आवरली. ग्रंथालयाची दोनमजली दर्शनी भिंत उन्हात अशी उभी आहे की आत अजून कुणी वाचत बसलं असेल असं वाटतं. पंचवीस हजार माणसं बसतील एवढं थोरलं नाट्यगृह. संगमरवरी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या. दगडी सार्वजनिक संडासांची रांग, त्यावर बसून फोटो काढायला सगळ्या जगातली माणसं रांग लावून उभी. क्रूझमधून उतरलेले गोरे म्हातारे, जपानी, आम्ही. आणि जिकडेतिकडे मांजरं.

ऊन मात्र मरणाचं होतं.

नाट्यगृहापासून बंदरापर्यंत एक रुंद रस्ता जातो. आमचा गाइड म्हणाला, त्या काळी या रस्त्यावर रात्री दिवे लागायचे. जहाजातून उतरलेला माणूस उजेडातून चालत गावात यायचा.

"अँड व्हेअर इज द सी?" अनूने विचारलं.

रस्त्याच्या शेवटी समुद्र नव्हता. नुसतं गवत आणि बोरूची बेटं.

गाइड हसला. म्हणाला, नदी वरून गाळ आणत राहिली. लोकांनी उपसला, पुन्हा साचला. समुद्र मागे मागे गेला, आता तो पाच-सहा किलोमीटर लांब आहे. बंदराची दलदल झाली. दलदलीतून ताप आला. ज्यांना जाता आलं ते गेले.

"आणि ज्यांना जाता आलं नाही ते?" मी विचारलं.

"ते इथेच आहेत," तो म्हणाला आणि हात फिरवून दाखवला.

दादा लगेच सुरू झाला. "सिंगापुरात आपण उलटं केलं बघ. आपण वाळू आणून समुद्रच मागे ढकलला. बीच रोडवर बीच कुठे उरलाय?"

मी ऐकत नव्हते. कारण मागून वहिनी चालत होती आणि दादाला सांगत होती…

"पहिल्या शुक्रवारी यंदा कोण मिळणार आहे देव जाणे. वुडलँड्सच्या स्मिताला विचारलंय. एवढ्या लांबून येईल का ती? दुसरी कुणी नाहीच हो."

दुसरी कुणी नाहीच.

मी तिच्या पुढे चार पावलांवर होते. तिची पोरगी माझ्या कडेवर होती. चार वर्षांची पोर, अडतीस डिग्री ऊन, आणि मी तिला अर्धा तास उचलून चालत होते.

माझं डोकं सणकलं.

रस्त्याच्या कडेला थडग्यांचे दगड ओळीने मांडून ठेवले होते. त्यातल्या एकावर नवरा-बायको कोरलेले होते. ती खुर्चीवर बसलेली, तो समोर उभा, दोघांनी एकमेकांचा उजवा हात धरलेला. तिचा डावा हात मांडीशी वळलेला होता, आपण लेकरू धरतो तसा.

पण मांडीवर काही नव्हतं. तेवढाच दगड तुटलेला होता. खोबण पडली होती.

गाइडने खालची अक्षरं वाचली. बाईचं नाव अम्मिया. पुढे नवऱ्याचं नाव. आणि शेवटी लिहिलं होतं, वाटसरू, मला हाक मार.

"इथल्या थडग्यांवर असंच लिहायचे," तो म्हणाला. "घरची माणसं येऊन इथे बसून जेवायची. मेलेल्याचंही पान वाढायची. गाव ओस पडलं, मग कोण येणार?"

"अँड द बेबी?" अनूने खोबणीवर हात ठेवत विचारलं.

"तुटलं. भूकंपात असेल. किंवा कुणी नेलं."

अनू माझ्या कडेवरून उतरली आणि त्या दगडाला टेकून उभी राहिली. तिचं डोकं बरोबर त्या खोबणीत बसलं. दादाने फोटो काढला. "वा! फिट्ट!" म्हणाला.

वहिनीच्या पर्समध्ये हळदी-कुंकवाचा करंडा कायम असतो. पाणी काढायला म्हणून पर्स माझ्याकडेच होती.

मी करंडा उघडला. बोट बुडवलं. आणि त्या दगडी बाईच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. हळदसुद्धा.

"साधना, काय करतेस?" वहिनी ओरडली.

"सवाष्ण मिळत नाही ना तुला? ही घे. हिच्या नवऱ्याने दोन हजार वर्षं हात सोडलेला नाही. हिच्याइतकी अखंड सौभाग्यवती सिंगापुरात सापडायची नाही." आणि मग मी हात जोडून, वहिनी करते तस्साच आवाज काढून म्हणाले, "अम्मियाबाई, श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचं हं. क्लेमेंटी. सातवा मजला. आमच्या अनूला आशीर्वाद द्यायला यायचं. नक्की या."

दादा खो खो हसला. गाइडला काही कळलं नाही, तोही हसला.

वहिनी हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुंकू लावून केलेलं आमंत्रण आहे," ती हळूच म्हणाली. "ते परत घेता येत नाही."

मी वळले. खरं तर मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. लागलं ना तिला? लागू दे.

वारा नव्हता. पण मागे बोरूची बेटं… सळसळत होती.

*

महिना गेला. मी सगळं विसरले.

पंचवीस जुलैला इकडे चिनी लोकांचा भुतांचा महिना सुरू झाला. आपला श्रावण आणि त्यांचा तो महिना बहुतेक वर्षी एकदमच येतात. ब्लॉकच्या खाली पत्र्याच्या पिंपांत कागद जळायला लागतात, गवताच्या कडेला भात, संत्री आणि उदबत्त्या मांडलेल्या असतात. ज्यांना कुणी नाही अशा भुकेल्या आत्म्यांसाठी. शेजारच्या लिम आंटींनी मला सांगितलं होतं की या वर्षी तर दोन महिने आहेत, अधिक महिना आलाय. "दिस इयर दे स्टे लाँग, आ." इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी 'आ' नाहीतर 'लाह' येतोच.

अठ्ठावीसला पहिला शुक्रवार. अनूला किंचित कणकण होती म्हणून तिला प्लेस्कूलला धाडलं नव्हतं. मीही रजा घेतली होती. पुरणाचा वास घरभर सुटला होता. हॉलमध्ये पाट मांडला होता, भोवती रांगोळी.

साडेदहाला फोन वाजला. स्मिता. तिच्या मुलाला शाळेत उलट्या झाल्या होत्या, शाळेने घेऊन जायला बोलावलं होतं. येणं शक्य नव्हतं.

वहिनी फोन ठेवून तशीच उभी राहिली. डोळे भरून आले होते तिचे.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

मला वाटलं, आता म्हणेल. तूच बस ना साधना. एवढंच. चार शब्द. तिने म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे सगळं विसरले असते.

तिने नजर वळवली.

"मी फुलं आणते," मी म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. फुलं घरात होती. दोघींनाही ते माहीत होतं.

*

बाजारात मी उगाच भटकले. परतले तेव्हा बारा वाजून गेले होते.

ब्लॉकच्या खाली, खांबांच्या मोकळ्या जागेत लिम आंटी उदबत्त्या लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, "युअर रिलेटिव्ह कम, आ?"

"कोण?"

"लेडी. सकाळपासून इथे बसली होती," त्यांनी दगडी बाकाकडे बोट केलं. "मला वाटलं हिला भूक लागलीय. मी खायला दिलं. ईट, लाह, म्हटलं. घेतलं नाही. असं केलं." त्यांनी बोट वर, मजल्यांकडे दाखवलं. "तिचं जेवण वर आहे असं म्हणायचं असेल बहुतेक. बोलली काही नाही."

"कशी होती?"

आंटींनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं.

"रेड. लाइक युअर पीपल. बट व्हेरी बिग रेड."

बाकाखालची फरशी… ओली होती.

"कुठे गेली?"

"हाफ अवर ऑलरेडी गो अप."

आमच्या ब्लॉकची लिफ्ट तेव्हा प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. पाचव्यावर उतरून दोन जिने चढावे लागत. मी उतरले.

जिन्यावर पावलं उमटली होती. अनवाणी. राखाडी चिखलाची. वर जाणारी.

क्लेमेंटीत असला चिखल कुठून येणार? इथे उघडी माती दिसतच नाही.

मी धावले. आमचं लोखंडी जाळीचं दार सताड उघडं होतं. दारापाशी आमची मोठी परात. तिच्यात पाय धुतलेलं पाणी. पाणी कसलं… तळाशी बोटभर गाळ बसला होता.

आतून वहिनीचा आवाज येत होता. कसला आनंदी आवाज!

"अगं स्मिता, येणार होतीस तर तसं सांगायचंस ना! मी किती रडले माहितीय? घे, आणखी एक पोळी घे. नाही म्हणायचं नाही."

मी हॉलमध्ये आले.

पाट होता. पान वाढलेलं होतं. वहिनी समोर बसून पोळीवर तूप वाढत होती आणि पाटाकडे बघून हसत होती.

पाटावर कुणीच नव्हतं.

म्हणजे मला दिसत नव्हतं. पण पानातली पोळी घासाघासाने कमी होत होती… मी एकदा डोळे मिटले, उघडले, आणि ती अर्धी होती. वरण-भाताची वाफ निघत नव्हती. तांब्यातलं पाणी गढूळ झालं होतं. आणि वास. पुरणाच्या वासाखालून येणारा, साचलेल्या पाण्याचा.

आणि अनू.

अनू पाटाच्या कडेला बसली होती. मागे टेकून, पाय पसरून, अगदी आरामात. मी बसले की ती मला टेकून बसायची तशी.

तिच्या मागे… भिंत नव्हती. काहीच नव्हतं.

मला ते कळलं. इफिससचा तो फोटो डोळ्यांपुढे आला. फिट्ट.

"आलीस?" वहिनी म्हणाली. "बघ, देवीला काळजी. बरोबर वेळेला धाडलं हिला." ती उठली आणि देवापुढचं ओटीचं ताट घेऊन आली. तांदूळ, नारळ, खण, केळी, सुपारी. "अनू, काकूंची ओटी भरते हं, मग मांडीवर बसायचं आणि नमस्कार करायचा."

मांडीवर.

"वहिनी, नको!" मी ओरडले.

वहिनी दचकली.

"नको, ओटी भरू नको. अनूला इकडे दे. वहिनी, तिथे कुणी…"

वाक्य पुरं करायच्या आत तिने माझ्याकडे बघितलं. मी आजवर तिच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं, ते पाहिलं. इतकी वर्षं ती जे गोड बोलून झाकत आली होती ते.

"साधना, सवाष्णीच्या पानापाशी तू मधे येऊ नकोस," ती म्हणाली. "तुझं जे झालं ते झालं. माझ्या लेकराच्या वाटेत येऊ नकोस."

मी अनूपासून चार पावलांवर होते.

मला सांगा, चार पावलं टाकायला किती वेळ लागतो? मी धावले असते. पोरीला उचललं असतं. वहिनीने शिव्या दिल्या असत्या, दिल्या असत्या.

मी एक पाऊल मागे घेतलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घाबरून नाही घेतलं मागे. मला राग आला होता. मनात म्हणाले, जा, नाही येत मधे. कर तुझ्या मनासारखं.

वहिनीने ओंजळ पाटावर रिकामी केली. तांदूळ खाली सांडायला हवे होते.

एक दाणाही… जमिनीवर पडला नाही.

मग नारळ. मग केळी. ठेवलेलं सगळं ठेवल्या जागी दिसेनासं झालं. आणि अनू आपणहून सरकली, पाटाच्या वर, टीचभर, आणि तिथे बसली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिने मान कलती केली आणि तिचे डोळे मिटत आले.

मला एक आवाज ऐकू आला. मोठा नाही. बाई खूप वेळ उपाशी राहून जेवली की सोडते ना, तसा सुस्कारा.

"झोप आली वाटतं हिला," वहिनी कौतुकाने म्हणाली. तिने अनूला उचललं, आतल्या पलंगावर नेऊन ठेवलं आणि पाहुणीला दारापर्यंत पोचवायला गेली. "पुढल्या वर्षी नक्की ये हं!"

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला.

"साधनाताई, मी स्मिता. अजून शाळेतच आहे हो. सुलेखाचा जीव फार दुखावला असेल ना? मिळालं का कुणी?"

वहिनी आत आली तसा मी रिसीव्हर तिच्यापुढे धरला. तिने तो कानाला लावला. ती काय ऐकतेय ते मला माहीत होतं. मी तिचा चेहरा बघत उभी राहिले.

तो चेहरा मला अजून दिसतो.

*

अनू झोपेतून उठली ती तापातच. हुडहुडी भरायची, घाम यायचा, उतरायचा, पुन्हा एक दिवसाआड हुडहुडी. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कुठे गेला होता? दलदलीच्या भागात? लक्षणं सगळी हिवतापाची होती. रक्त पाच वेळा तपासलं. रक्तात काही सापडलं नाही. औषधं दिली, लागू पडली नाहीत. डॉक्टर भले होते. त्यांना काहीच कळलं नाही आणि त्यांनी तसं सांगितलं.

आम्ही आळीपाळीने बसायचो. मी होते तेव्हा एकदा अनूने डोळे उघडले.

"आत्या, सी सो फार, लाह," ती म्हणाली. "वुई वॉक, वॉक, वॉक…"

"कोण चालतंय बाळा? कुणाबरोबर?"

तिने डोळे पुन्हा मिटले. तिच्या पायांचे तळवे मी हातात घेतले. नखांच्या कडांना राखाडी गाळ होता. आठवडाभर जमिनीला न टेकलेले तळवे.

दुसऱ्या शुक्रवारी अनू गेली. दुपारी. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, मी तिकडे बघितलं नाही.

लिम आंटी भेटायला आल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आम्ही या महिन्यात त्यांना बाहेर वाढतो. खाली. रस्त्यावर. ते खातात आणि जातात. "व्हाय यू कॉल इनसाइड?"

मी मान खाली घातली.

"दॅट डे आय सी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ती लेडी खाली आली. वर गेली तेव्हा एकटी होती. येताना…" त्यांनी कमरेच्या खाली हात धरून उंची दाखवली. "टू पीपल. हात धरून."

तेव्हा अनू पलंगावर झोपलेली होती. वहिनीने तिला आत नेताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

*

दादाने वर्षभरात पुण्याला बदली मागून घेतली. निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या खोलीत आली. आम्ही कित्येक महिने एकमेकींशी धड बोललो नव्हतो.

"त्या दिवशी तू नको म्हणालीस," ती म्हणाली. "तुला दिसत होतं ना, की ती स्मिता नव्हती? मग तू पोरीला ओढलं का नाहीस?"

मी काय सांगायला हवं होतं? की मी चुकले, मला माफ कर. की आमंत्रण माझंच होतं. तिच्या पाया पडायला हवं होतं मी.

"तूच म्हणालीस ना, मधे येऊ नकोस," मी म्हणाले.

ती उभी होती तिथेच खाली बसली. मी तिला उठवलं नाही. तिचं माझं तेवढंच शेवटचं बोलणं.

आता मी वुडलँड्सला एका लहान फ्लॅटमध्ये एकटी राहते. अनूला जाऊन आता तीन वर्षं होतील. श्रावण आला की मी शुक्रवारी कामावरच असते, दुपारी घरी थांबत नाही. पुरणाचा वास सहन होत नाही. तो फोटो दादाने फाडून टाकला असं तो म्हणतो. त्या दगडाचं पुढे काय झालं, ते विचारायला मी कुणाला गाठलेलं नाही. त्या खोबणीत आता काय आहे, ते मला बघायचं नाही.

हे मी आज लिहायला बसले, त्याला कारण आहे.

आज गुरुवार, २३ जुलै २००९. श्रावण आजच लागला. उद्या पहिला शुक्रवार.

आज डोकं दुखत होतं म्हणून कामावरून लवकर आले. लिफ्टमधून बाहेर पडले आणि माझ्या दाराकडे बघून थांबले.

जाळीच्या दाराखाली फरशी ओली होती. आणि गाळात उमटलेली पावलं होती… दोन मोठी. दोन लहान.

मोठी पावलं जरा मागे होती. लहान पावलं पुढे होती, अगदी दाराला चिकटून. टाचा उचललेल्या. फक्त चवडे उमटलेले, हात पोचावा म्हणून उंच झालं की उमटतात तसे.

त्याच्या वर, दाराच्या गजावर, माझ्या छातीच्या उंचीला…

कुंकू लावलेलं होतं. लहान बोटाने. शेजारी हळदही.

घटस्फोटानंतरच्या आठ वर्षांत मला कुणी कुंकू लावून कुठे बोलावलं नव्हतं. कुठल्याच घरच्या पाटावर मी चालत नव्हते. आणि कुंकू लावून केलेलं आमंत्रण परत घेता येत नाही, तसं ते नाकारताही येत नाही, हे वहिनीनेच मला कधीतरी शिकवलेलं.

मी ते पुसायला ओलं फडकं घेऊन गेले होते. पुसलं नाही. त्याच्यावर माझं बोट ठेवून बराच वेळ उभी राहिले. गज गार होता.

संध्याकाळी मी ऑफिसला फोन करून उद्याची रजा टाकली.